जुन्या नळावरची विहीण

कान्नावा, बेप्पू
३ ऑक्टोबर

चिझुरु विहीणबाई,

पत्रात आधी हवेपाण्याचं लिहायचं असतं. शाळेत तेवढं शिकवून झालं आणि माझी शाळा सुटली, म्हणून ते मी कधी चुकवत नाही. तर हवा छान आहे. पाणी गरम आहे. आमच्याकडे ते जमिनीतूनच गरम येतं, त्यात नवल ते काय म्हणा.

सोबत काबोसू लिंबांची पेटी पाठवते. यंदा झाड इतकं लगडलंय की वाकून शेजारच्या तोकिएच्या अंगणात गेलंय, आणि ती बया "पडलेली तेवढीच उचलते हो" असं म्हणत झाड गदागदा हलवते. माशावर पिळा, सूपमध्ये पिळा. तुमच्या शहरात असली मिळायची नाहीत.

आता खरी बातमी. शिहोचा फोन आला होता! चांगली तासभर बोलली. प्रयोगशाळेत ती काय करते ते मला सगळं सगळं सांगितलं. मला म्हणाली, वाफेआजी, कॅन्सरची गाठ म्हणजे अधाशी पोर. वाढायला लागली की तिला रक्त हवं. मग आजूबाजूच्या रक्ताच्या नळ्यांना ती हाका मारते, की माझ्याकडे एक फाटा काढा, माझ्याकडे एक फाटा काढा. तसे नवे फाटे फुटतात आणि गाठ पोसली जाते. आता एक औषध आहे, ते हे फाटे फुटूच देत नाही. झाली गाठ उपाशी!

मी हे दुसऱ्या दिवशी आमच्या आळीच्या न्हाणीघरात सगळ्यांना सांगितलं. हौदात आम्ही सहा-सात जणी होतो, अंगावर कुणाच्या चिंधी नाही आणि मी आपली प्रोफेसर. तोकिए म्हणाली, "म्हणजे तुझी नात गाठींना उपाशी मारते?" मी म्हटलं, "मग काय तर!" तेव्हा सगळ्यांनी पाण्यावर हात आपटून टाळ्या वाजवल्या. माझ्या नाकात पाणी गेलं, पण काय सांगू, असा आनंद मला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता. (तुमच्या मुलीशीच झालं ते, रागावू नका.)

पितरांच्या सणाला शिहो तुमच्याकडे राहिली. मी काही म्हणत नाही. तिच्या आजोबांचा फोटो इथे, त्यांच्यापुढची काकडी-वांगी इथे, आणि नात तिकडे. असो.

आणि मेमधलंही मी काही म्हणणार नव्हते, पण हात लिहितोच आहे तर लिहू दे. तुम्ही दोन दिवस राहिलात आणि न्हाणीघरात एकदाही आला नाहीत. पहिल्या दिवशी म्हणे अंग कसकसतंय, दुसऱ्या दिवशी म्हणे पुन्हा कसकसतंय. आळीतल्या बायकांनी मला विचारलं, "पाहुण्यांना आमचं पाणी चालत नाही का?" मी काय सांगायचं होतं? सांगितलं, शहरात टबात गुलाबी गोळ्या टाकून न्हातात, साधं पाणी त्यांना बाधतं.

नव्या वर्षाला शिहो इकडे येणार. हे विचारत नाही, कळवते.

तुमची,
मासुयो


फुकुओका
१४ ऑक्टोबर

मासुयोबाई,

काबोसू पोचली. आभारी आहे. तोकिएबाईंनी पुरेशी शिल्लक ठेवली म्हणायची.

गुलाबी गोळ्या मी वापरत नाही. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, त्या गोळ्यांमध्ये काय असतं ते मला ठाऊक आहे.

तुमच्या हौदातल्या व्याख्यानात एक दुरुस्ती सुचवते, म्हणजे पुढच्या वेळी टाळ्या बरोबर गोष्टीला पडतील. शिहो म्हणाली ते खरं आहे, पण ते सगळ्या गाठींचं नाही. काही गाठी नवे फाटे मागतच नाहीत. विशेषतः दुसरीकडून पसरून यकृतात आलेल्या. यकृतात मुळातच बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. या गाठीच्या पेशी यकृताच्या पेशींना हळूच सरकवतात आणि त्यांच्याच जागी बसतात. शेजारची रक्तवाहिनी होती तशीच राहते. काल ती यकृताला पाजत होती, आज गाठीला पाजते. जिथे नवं काही खणायचंच नाही, तिथे खणणं बंद पाडणाऱ्या औषधाने काय बिघडणार? शिहोचं काम हेच आहे. गाठीच्या कडेचा पातळ काप काचेखाली ठेवायचा आणि ही खणणारी आहे की शेजारी येऊन बसणारी, ते ओळखायचं. बसणारीला काय औषध द्यायचं, ते अजून कुणाला नीट सापडलेलं नाही. त्याचाच शोध चाललाय.

नव्या वर्षाचं शिहोलाच ठरवू द्यावं असं मला वाटतं.

थंडी पडू लागली आहे. जपावं.

चिझुरु


कान्नावा
१९ ऑक्टोबर

विहीणबाई,

हवा बरी आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही कठीण चिनी अक्षरं फार घालता, ती तोकिएच्या नातसुनेकडून वाचून घ्यावी लागली, म्हणजे आता ते आळीभर झालं.

तर शिहोने मला अर्धंच सांगितलं आणि तुम्हाला पूर्ण. छान. मला फोनवर पोरखेळातली अधाशी गाठ, आणि तुम्हाला काचेखालचा काप, यकृत, जाळं, सगळं! वाफेआजी बिचारी अडाणी, तिला काय कळणार. विहीणबाई, मला कळतं. तुम्ही लिहिलंत ते मला तुमच्यापेक्षा चांगलं कळलं, कारण ते आमच्या आळीत घडलंय.

आमच्याकडे नवं भोक पाडून गरम पाणी काढायला बंदी आहे. का, तर खालचं पाणी संपेल. आम्ही आपले निश्चिंत, की आता नवं लॉज इथे उघडायचं नाही. आणि एक दिवस सगळ्यांच्या हौदातलं पाणी कोमट! वाफेच्या चुलाण्यावर रताळी शिजेनात, अंडी घातली तर आत कच्ची. पंचायतीची माणसं नवं भोक शोधत हिंडली. नवं भोक कुठेच नाही. शेवटी कळलं की ओसाकाच्या एका माणसाने तोकिएच्या दिराचं घर विकत घेतलं होतं, आणि आळीचा जुना नळ त्या घराच्या भिंतीला लागूनच जातो. त्याने खणलं काही नाही. नुसता शेजारी येऊन बसला आणि जुन्या नळाला तोंड लावलं. सहा खोल्यांचं लॉज, दर खोलीला हौद!

आता बोलतेच. शिहो सहा वर्षांची होईपर्यंत माझ्या पाठीवर होती. तिची आई, म्हणजे तुमची मुलगी, आणि माझा मुलगा, दोघं बोटीवर कामाला. पोरीला दात आले ते माझ्याकडे. पहिलं पाऊल टाकलं ते न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर, आणि आपटली तीही माझ्या डोळ्यांदेखत. खणण्याची सगळी मेहनत मी केली. मग ती शाळेला शहरात आली आणि तुम्ही शेजारी येऊन बसलात. तुम्हाला काही खणावं लागलं नाही. नळ तयार होता, पाणी गरम होतं. दर गुरुवारी ती तुमच्याकडे येते म्हणे! मला महिन्यातून एक फोन, आणि पाणी कोमट.

म्हणजे शिहो काचेखाली जी गाठ शोधते ना, ती तिने तुमच्या घरी येऊनच बघावी. यकृताची गरज नाही.

वाईट वाटलं तर वाटू दे. मलाही वाटतंय.

मासुयो


कान्नावा
२१ नोव्हेंबर

विहीणबाई,

हवा गार झाली. डोंगरावरची पानं लाल झालीत आणि बघायला लोक येतात, आमच्या वाफेत उभे राहून फोटो काढतात आणि शिंकतात.

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मी धरून चालले होते. पण तोकिए म्हणाली, पोस्ट असलं पत्र कधी हरवत नाही, चांगली तेवढीच हरवते.

मुळ्याचं लोणचं पाठवलं होतं. ते तरी पोचलं का? वर ठेवलेला दाबाचा दगड थोडा हलका पडला होता, म्हणून पाणी जास्त सुटलंय.

परवा शिहोचा फोन आला. म्हणाली, आजी, नव्या वर्षाला जमणार नाही. मी म्हटलं, "फुकुओकाच्या आजीकडे?" तर म्हणाली, "आजी, तू तिला काय लिहिलंस?" मी म्हटलं, "का? तिने चुगली केली?" म्हणाली, "तिने काहीच सांगितलं नाही. पण तुझं पत्र तिने फ्रिजवर चिकटवलंय, औषधांच्या वेळापत्रकाच्या शेजारी."

फ्रिजवर? विहीणबाई, मला कळेना, हा राग आहे की काय आहे. आणि इतकी कसली औषधं, की त्यांना वेळापत्रक लागतं? दुकान तर केव्हाच बंद केलंत.

लोणचं पोचलं तेवढं कळवा.

मासुयो


फुकुओका
२ डिसेंबर

मासुयोबाई,

लोणचं पोचलं. पाणी जास्त आहे, पण चव आहे.

उशीर झाला, कारण नोव्हेंबरात मी बराच काळ दवाखान्यात होते. तुमचं पत्र मी फ्रिजवर लावलं, कारण गेल्या दोन वर्षांत माझ्याशी इतकं खरं कुणी भांडलेलं नाही. सगळे हळू आवाजात बोलतात. मुलगी हळू, जावई हळू, शेजारी हळू. तुम्ही मात्र मला गाठ म्हणालात. दवाखान्यात ते आठवून मी इतकी हसले की नर्स धावत आली.

तुम्हाला माहीत नसताना तुम्ही नेमकं बोट ठेवलंत, म्हणून आता सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ती काढली. तेव्हापासून माझ्या पोटाला डाव्या बाजूला एक छिद्र आहे आणि त्यावर पिशवी लावलेली असते. आतड्यातलं सगळं तिथून बाहेर येतं. मेमध्ये माझं अंग कसकसत नव्हतं. त्याआधी इथल्या एका स्नानगृहात मी गेले होते, तेव्हा एका बाईने नाक दाबलं आणि व्यवस्थापकाला बोलावलं. वास येत नव्हता. पिशवी घट्ट बसते, मी औषधवाली आहे, मला कळतं. तरी मी कपडे घालून बाहेर आले, केस कोरडेच. तुमच्या आळीत, तुमच्या ओळखीच्या बायकांसमोर तसं झालं असतं, तर तुम्हाला त्या हौदात पुन्हा मान वर करून बसता आलं नसतं. म्हणून कसकस.

मग गाठ यकृतात पसरली. ते औषध मला दिलं, नवे फाटे फुटू न देणारं. चालेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुमची बहुतेक शेजारी येऊन बसणारी दिसते. मी शिहोला समोर बसवलं आणि म्हटलं, काढ चित्र. तिने औषधाच्या पाकिटामागे काढून दाखवलं. तिचा हात स्थिर होता. पेन्सिलचं टोक तेवढं तुटलं.

तिने तुम्हाला अर्धं सांगितलं, कारण उरलेलं अर्धं माझ्या पोटात आहे, आणि तुम्हाला सांगायचं नाही असं मी तिला, मुलीला आणि जावयालाही बजावलं होतं. दर गुरुवारी ती माझ्याकडे गप्पा मारायला येत नाही, दवाखान्यात न्यायला येते. खुर्चीवर डुलक्या घेते. तुम्हाला एक गोष्ट सांगते, ती वाचून तुमचा जीव थंड होईल. डुलकीतून दचकून उठली की ती हाक मारते "वाफेआजी". मी समोर बसलेली असते, आणि हाक तुम्हाला. बेप्पूहून येते तेव्हा तिच्या स्वेटरला तुमच्याकडच्या गंधकाचा वास असतो. मी खिडकी उघडते. वासासाठी नव्हे, हेव्याने.

तेव्हा कोमट पाण्याची तक्रार दोन्ही घरांत आहे.

औषध बदललंय. या महिन्यापासून दुसरं. चालेल की नाही, ते फेब्रुवारीत कळेल. नव्या वर्षाला तिला मी तुमच्याकडे पाठवते.

चिझुरु


कान्नावा
५ डिसेंबर

चिझुरुबाई,

हवा गेली खड्ड्यात.

पत्र मी या वेळी तोकिएच्या नातसुनेकडे नेलं नाही. तुम्ही साध्या अक्षरांत लिहिलं होतं. माझ्यासाठी एवढं केलंत ते मला कळलं.

मी तुम्हाला काय म्हणाले ते मी परत घेत नाही, कारण तुम्ही ते फ्रिजवर लावलंय आणि माझ्या हाती ते लागायचं नाही. पण तुमचं पत्र वाचून वाईट कमी वाटलं, राग जास्त आला. तुमचा नाही. त्या नाक दाबणाऱ्या बाईचा. तिला इथे आणा, वाफेच्या चुलाण्यावर बसवते, रताळ्यांच्या शेजारी.

आणि शिहोला पाठवते म्हणता? एकटीला? मी काय करू तिचं? येईल, खाईल, आणि मन तिकडे. मला असली अर्धी नात नको. तुम्ही या. दोघी या.

ऐका. आमच्या न्हाणीघराची सफाई आळीपाळीने असते. ज्या घरची पाळी, त्या घरच्या बाईने सकाळी हौद उपसायचा, क्षार खरवडायचा, दाराला "साफसफाई चालू" ही पाटी लावायची आणि मग ताजं पाणी सोडायचं. त्या ताज्या पाण्यात पहिली बुडी सफाई करणारीची. ती बाहेर येईपर्यंत दुसरं कुणी आत येत नाही, हा नियम माझ्या सासूच्या वेळेपासून आहे. एकोणतीस डिसेंबरला पाळी तोकिएची होती. मी ती मागून घेतली. तिने बदल्यात लोणच्याचं पिंप मागितलं, मेली! दिलं.

म्हणजे पहिलं पाणी आपलं. पिशवी घाला, नका घालू, वर फडकं बांधा, तुमचं तुम्ही बघा. मी पाटी लावते.

आणि त्या ओसाकावाल्याचं पुढे काय झालं ते मी लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा मला ते सोयीचं नव्हतं. त्याच्या बायकोला संधिवात होता. रोज गरम पाण्यात बसवायची, म्हणून इतका खटाटोप. खोल्या त्याने कमी केल्या, आळीने त्याचा फाटा राहू दिला, आणि आता सफाईच्या पाळीत त्याचंही घर आहे. तुमच्या पोटातलीला असलं काही सांगता येत नाही, ते मला समजतं. ती ऐकणारी नाही. पण तुम्ही तर माणूस आहात ना? मग माझ्या नळाला लागा. खुशाल.

मासुयो


फुकुओका
१२ डिसेंबर

मासुयोबाई,

येते. तीन अटी. रडायचं नाही. पोटाकडे टक लावून बघायचं नाही. आणि माझी पाठ मला पुरत नाही, ती कुणीतरी घासायची.

चिझुरु


कान्नावा
८ जानेवारी

चिझुरुबाई,

हवा स्वच्छ आहे. काल सात पालेभाज्यांची पेज केली. तुमच्या वाटणीची तोकिएने खाल्ली.

तुम्ही स्वतः तिथे होतात, तरी त्या दिवसाचं लिहिते, कारण तुमची पाठ आमच्याकडे होती आणि तुमच्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही.

पहिली अट मी पाळली. दुसरी मोडली, ते तुम्ही पाहिलंतच. पण "एवढीशीच पिशवी? मला वाटलं ट्रंक असेल" हे मी ठरवून म्हटलं नव्हतं, तोंडातून निघालं. तुम्ही हसलात आणि मग जो पाय पाण्यात टाकलात, अगदी आपल्या घरच्यासारखा, तेव्हा माझ्या हातातला ब्रश हौदात पडला. तुम्ही गळ्यापर्यंत बसलात आणि "आऽऽ" असा आवाज काढलात. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या काढतात अगदी तसा. शहरात शिकवतात वाटतं.

मग तोकिए दारावर आली. "मासुयो, किती वेळ घासतेस गं?" मी ओरडले, "क्षार फार चढलाय!" तरी ती हलेना. म्हणाली, "पाहुण्यांना विचार, आमचं पाणी कसं वाटलं?" मी काहीतरी थाप मारणार होते, तर तुम्हीच आतून मोठ्याने, "पुन्हा येईन म्हणते!" आता आळीत तुमचं नाव आहे. गुलाबी गोळ्यांचं कुणी काढत नाही. मीच काढत होते म्हणा.

आता पाठीमागचं. शिहो तुमची पाठ घासत होती तेव्हा तिचं तोंड मला दिसत होतं. अट तिने मोडली. आवाज न करता, फडकं खाली-वर, खाली-वर, आणि डोळ्यांतलं पाणी सरळ तुमच्या खांद्यावर. तुम्हाला ते हौदाचंच वाटलं असेल. मी मध्येच बादली ओतली ती त्यासाठी. "किती गरम!" म्हणून तुम्ही मला बोललात, ते मी ऐकून घेतलं.

खरं सांगू? तिला तशी बघून माझ्या मनात आधी आलं, की माझ्यासाठी ही अशी रडेल का? इतकी मी वाईट आहे. मग तिने तुमच्या पाठीवरून माझ्याकडे बघितलं आणि लहानपणी आपटल्यावर बघायची तसं तोंड केलं. मी मान हलवली, की काही नाही, ऊठ. आणि ती पुन्हा घासायला लागली. तेव्हा मला वाटलं, इतकी वर्षं मी जे खणलं ते बहुतेक याच दिवसासाठी खणलं असेल. तुमच्या पाठीपर्यंत पोचायला.

नव्या औषधाचं फेब्रुवारीत कळेल म्हणालात. काही का कळेना, मला त्याच्याशी कर्तव्य नाही, म्हणजे आहे, पण तुम्हाला कळलं ना. सफाईची माझी पुढची पाळी एप्रिलात येते. तितका वेळ मला धीर नाही. फेब्रुवारीतली ओसाकावाल्याच्या बायकोची पाळी होती, ती मी मागून घेतली. तिला कारण सांगितलं. तिने काहीच मागितलं नाही, उलट विचारलं, तुमच्या विहीणबाईंना अंडी आवडतात का.

शिहोला घेऊन या. एक मात्र आत्ताच सांगून ठेवते. त्या दिवशी तिने तुमची पाठ आधी घासली, आणि जास्त वेळ घासली. मी काही म्हटलं नाही. फेब्रुवारीत माझी आधी.

तुमची,
मासुयो